भिंतीवरची पिशवी आधी वाचा, मग काढा

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. निम्म्यांना घराला रंग द्यायचा असतो. उरलेल्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं: ‘काका, मागच्या वर्षी तुम्ही रंगवलेल्या भिंतीवर राखाडी काहीतरी चिकटलंय, आणि ते सरकतंय.’ गुजराती शेजारी त्याला ‘जीवडुं’ म्हणून मोकळे होतात. आपली माणसं ‘रंगाला कीड लागली’ म्हणतात आणि राहिलेल्या बिलातले पैसे कापायला बघतात. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय.

रंगाला कीड लागत नाही. ती एका छोट्या राखाडी पतंगाची अळी आहे, स्वतः विणलेल्या पिशवीत राहणारी आणि ती पिशवी ओढत हिंडणारी. ती रंग खात नाही, पुट्टी खात नाही, प्लास्टर पोखरत नाही. ती कुठून आली आणि घरात कुठे काय साचलंय, हे बरंचसं त्या पिशवीवरच चिकटलेलं असतं. ते बघता आलं तर निम्मं काम झालं, आणि मला बोलवायची गरजही कदाचित पडणार नाही.

आमच्याकडे आजोबांपासून चुन्याचं नि रंगाचं काम. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, इथल्या जुन्या घरांच्या भिंती खरवडण्यात माझा जन्म गेला. किड्यांचं शास्त्र मात्र भाचीचं. तिनं प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. दिवाळीच्या सुट्टीत ती एकदा साइटवर आली, ‘मामा, पत्रा खाली ठेव’ म्हणाली आणि मला फरशीवर पालथं पाडून भिंगातून ही पिशवी दाखवली. तेव्हापासून मी आधी बघतो, मग खरवडतो.

ती तीच आहे ना, हे कसं ओळखायचं

पिशवी 8 ते 14 मिलिमीटर लांब, मध्यावर 3 ते 5 मिलिमीटर रुंद. चपटी, पोटाशी फुगलेली, दोन्ही टोकांना निमुळती. भोपळ्याची बी धुळीत लोळवून भिंतीला लावली तर अशीच दिसेल. रंग राखाडी, पण जवळून बघितलं तर एकसारखा राखाडी नाही; त्याबद्दल पुढे सांगतो.

खरी खूण म्हणजे दोन तोंडं. दोन्ही टोकांना बारीक चीर असते आणि अळी आतल्या आत उलटी फिरून कुठल्याही तोंडातून बाहेर डोकावते. पिशवीचं एक टोक आगपेटीच्या काडीनं हलकेच दाबून धरा आणि थोडा वेळ गप्प बसा. दुसऱ्या टोकातून तपकिरी डोकं येईल, त्यामागे पायांच्या तीन जोड्या, आणि पिशवी उलट दिशेनं चालू लागेल. चालणं म्हणजे असं: पुढचं अंग बाहेर काढायचं, पायांनी भिंत धरायची, मग मागचं सगळं बिऱ्हाड खेचून घ्यायचं. पोटाखालचे आखूड पाय आत पिशवीच्या अस्तराला धरून असतात, म्हणून ती अंगावरून निसटत नाही. हात लावला की अळी आत जाते आणि चिरेच्या कडा मिटतात. मग ती नुसता कचरा वाटते, आणि बहुतेक घरांत कचरा म्हणूनच झाडली जाते.

कोळ्याच्या अंड्यांचं पुडकं पांढरट, गोलसर आणि मऊ असतं, जागचं हलत नाही. कुंभारमाशीचं घर मातीचं, टणक; ते काढायला खरवडणी लागते. बाहेर बाभळीवर, कुंपणाच्या झाडावर काड्यांच्या पिशव्या लटकतात, त्या वेगळ्या घराण्यातल्या अळ्यांच्या, त्या पानं खातात. घरातल्या भिंतीवर चपटी, दोन तोंडांची दिसली की दुसरं काही समजायचं कारण नाही.

भाचीच्या सांगण्यानुसार ही मंडळी फेरिओइका गटातली, टिनेइडी कुळातली. म्हणजे लोकरीला लागणाऱ्या कसरीच्या पतंगांची सख्खी भावकी. या गटातल्या यूटेरेला जातीचं शास्त्रीय वर्णन वॉल्सिंगहॅम नावाच्या इंग्रज अभ्यासकानं 1897 साली केलं. अमेरिकेत फ्लोरिडाकडे तिला ‘प्लास्टर बॅगवर्म’ असंही म्हणतात. हे ऐकून मी हसलो, कारण म्हणजे प्लास्टरवर आळ घेणारे फक्त बडोद्यातच नाहीत. नेमकी जात ठरवायची तर पतंग सूक्ष्मदर्शकाखाली फाडून बघावा लागतो. घरच्या कामाला ‘पिशवीवाली’ एवढं पुरे.

पिशवी वाचायची कशी

एक पिशवी कागदाच्या कडेनं अलगद उचला. चिमटीत धरून ओढू नका, अळी दबते. पांढऱ्या कागदावर ठेवा आणि भिंगातून बघा. टिकल्या-मणी बघायचं साधं भिंग चालतं, मोबाइलचा जवळून फोटो काढून मोठा केला तरी चालतो. आतलं अस्तर गुळगुळीत रेशमाचं असतं, तिनं स्वतः कातलेलं. बाहेरून मात्र वाटेत जे मिळालं ते सगळं डकवलेलं: वाळूचे कण, चुन्याचा भुगा, रंगाचे पोपडे, कपड्याचे धागे, केस, मुंगीचा पाय, डासाचा पंख.

माझ्या धंद्यात हे सोन्यासारखं आहे. घरमालक मला सांगतो की ओल फक्त न्हाणीघराजवळ आहे. पिशवी मला वेगळंच सांगते.

दांडिया बाजारातल्या एका घराचं सांगतो. दिवाणखाना पिस्ता रंगाचा, काम माझंच, आणि सोफ्यामागच्या भिंतीवर पिशव्या. आजींचा सूर असा की तुमच्या पिस्त्यातच काहीतरी आहे. मी दोन-तीन पिशव्या कागदावर घेतल्या. पिस्ता रंगाचा कण शोधून सापडेना. होते ते गुलाबी डिस्टेंपरचे कण, पांढरा भुसभुशीत चुना आणि काळ्या लोकरीचे तुकडे. मी विचारलं, ‘आजी, घरात गुलाबी भिंत कुठे आहे?’ त्या म्हणाल्या, ‘आता कुठे गुलाबी, तो यांच्या वेळचा रंग.’ मग सुनेला आठवलं: मागच्या अडगळीच्या खोलीत लोखंडी कपाटामागची भिंत कोणी रंगवलीच नव्हती, कपाट हलत नाही म्हणून. कपाट हलवलं. मागे गुलाबी पोपडे, गच्चीच्या पन्हाळीतून झिरपणारी ओल, कोळ्यांची जुनी जाळी हातभर जाड, आणि खाली पंढरपूरहून आणलेलं काळं घोंगडं घडी करून ठेवलेलं. दिवाणखान्यात दिसत होत्या त्या तिथून फिरत आलेल्या. दिवाणखान्याला मी काहीच केलं नाही. पन्हाळ दुरुस्त झाली, खोली साफ झाली, घोंगडं उन्हात गेलं.

तर वाचायचं ते असं. रंगाचा कण घरातल्या कुठल्या खोलीशी जुळतो ते बघा, फोटोमागे किंवा कपाटामागे लपलेला जुना रंगही धरा. पांढरा पिठूळ चुना आणि क्षार दिसले तर कुठेतरी ओलीनं भिंत सुटलीय. किड्यांचे पाय-पंख जास्त असले तर दिव्याखाली, खिडकीच्या खाचेत, पंख्याच्या वाटीजवळ मेलेल्या किड्यांचा सडा असणार. लोकर दिसली तर त्याच दिवशी ट्रंक उघडा, उद्यावर टाकू नका. नुसती वाळू नि धूळ असेल तर पिशवी बहुधा ओट्यावरून किंवा गॅरेजमधून आलेली. एका पिशवीवरून निकाल देऊ नका, दोन-चार बघा.

यात माझं डोकं काही नाही. फ्रान्सच्या रेओमूर नावाच्या निसर्ग-अभ्यासकानं अठराव्या शतकातच कपड्यांवरच्या पिशवीवाल्या अळ्यांना वेगवेगळ्या रंगांच्या लोकरीवर सोडून पाहिलं होतं. ज्या रंगावर अळी ठेवली त्या रंगाची भर पिशवीत पडत गेली आणि पिशवी कुठून कशी वाढते हे रंगाच्या पट्ट्यांवरून कळलं. विष्ठासुद्धा खाल्लेल्या लोकरीच्या रंगाची. मला हा माणूस ओळखीचा वाटतो. भिंत खरवडताना एकावर एक दिलेले हात दिसतात, खाली चुना, वर निळ, त्यावर डिस्टेंपर, त्यावर प्लॅस्टिक पेंट, आणि घरात कधी लग्न होतं ते सांगता येतं.

ती जगते कशी

आवडतं खाणं कोळ्यांची जुनी, टाकून दिलेली जाळी. कोळ्याचं रेशीम म्हणजे प्रथिनच, ते हिला पचतं. शिवाय लोकर, गळलेले केस, मेलेले किडे, अगदी आपल्याच जातभाईंच्या जुन्या पिशव्याही. सुती कापडात तिला काही मिळत नाही. पन्नास सुती साड्यांच्या कपाटात ती दिसली तर साड्यांची काळजी सोडा, कपाटाखालचा कोपरा बघा.

मादी अंडी घालते ती भिंत नि फरशीच्या सांध्यात, स्कर्टिंगच्या फटीत, कचऱ्याला चिकटवून. एक मादी दोनशेपर्यंत अंडी घालू शकते. अंडं अर्ध्या मिलिमीटरहून लहान, नुसत्या डोळ्यांना दिसलं तरी ओळखू येणार नाही. दहाएक दिवसांनी अळी बाहेर पडते आणि लगेच बांधकाम काढते. आधी कणांची एक कमान, तिची दोन टोकं जमिनीला टेकलेली. मग कमानीला भर घालत घालत बोगदा, मग खालची बाजू शिवून बंद. तेव्हा कुठे पिशवी जमिनीपासून सुटते आणि चालायला लागते. हे सगळं इतकं लहान की भिंगाशिवाय धूळच. अळी वाढते तशी पिशवीही वाढवत नेते. अळीपण पन्नासेक दिवसांचं, मग कोष साधारण दोन आठवड्यांचा, थोडा कमी-जास्त. अंड्यापासून पतंगापर्यंत अडीच महिने धरा. जूनमध्ये पाऊस लागला की गणपतीला पिशव्या का दिसतात, याचं उत्तर या हिशेबात आहे.

कोषात जायच्या आधी ती एक कारागिरी करते. भिंतीवर चढते, पिशवीची दोन्ही टोकं रेशमानं भिंतीला टाचते आणि एका टोकाच्या कडांना छोटी चीर देऊन ते टोक चपटं, झडपेसारखं करून ठेवते. पतंगाला बाहेर पडायचं दार अळीच कापून ठेवते, कारण पतंगाला कापायला जबडा नसतो. माझ्या कामात हे फार उपयोगी: पिशवी एकाच टोकानं लटकत असेल किंवा सरकत असेल तर आत अळी आहे, दोन्ही टोकं टाचलेली असतील तर कोष, आणि टाचलेल्या पिशवीच्या तोंडातून पातळ तपकिरी साल अर्धी बाहेर लोंबत असेल तर पतंग उडून गेला, मागे नुसतं घर राहिलं. रिकाम्या घरांवर औषध मारून लोक पैसे वाया घालवतात.

पतंग दुपारच्या सुमाराला बाहेर येतो. मादी पंख पसरून 10 ते 13 मिलिमीटर, नर त्याहून लहान, 7 ते 9. पुढचे पंख राखाडी, मादीच्या पंखांवर तीन-चार काळपट ठिपके, नराचे ठिपके पुसट. मागच्या पंखांच्या कडेला फिकट राखाडी लांब केसांची झालर. डोक्यावर केस विस्कटलेले. बसताना पंख उतरत्या छपरासारखे अंगालगत मिटून भिंतीच्या तळाशी किंवा जुन्या जळमटावर बसतो. तो काही खात नाही. जे खायचं ते अळीनं खाऊन घेतलेलं असतं. रात्री किंवा पहाटे जोडी जमते, मादी आठवडाभर अंडी घालते आणि संपते.

पाल, कोळी आणि मुंग्या त्यांना खातात. ब्रॅकोनिड कुळातली एक बारीक गांधीलमाशी अळीच्या अंगात अंडं घालते आणि तिची पिल्लं अळीला आतून खाऊन टाकतात. म्हणून घरात थोड्या पाली असल्या तर मी तक्रार करत नाही. घरातल्या बायकांसमोर मात्र हे मत मी मोठ्यानं मांडत नाही.

एक बाटलीत ठेवून बघा

घरात नातवंडं असतील तर हे करा. नसतील तरी करा.

रुंद तोंडाची लोणच्याची बाटली धुऊन कोरडी करा, वास जाईपर्यंत उन्हात ठेवा. तळाशी कागदाचा तुकडा. त्यावर घरातलंच एक जुनं जळमट, मेलेले दोन-चार डास, पांढऱ्या खऱ्या लोकरीचा चिमूटभर पिंजलेला तुकडा. आता मजेचा भाग: रंगीत रांगोळी. एका वेळी एकच रंग, चिमूटभर, अळीजवळ. आठवडाभरानं ती झटकून दुसरा रंग. पहिल्या रंगाचे कण पिशवीवर बसलेले राहतात आणि नवे कण तोंडांच्या बाजूला दिसायला लागतात. सगळा रंग घेईल असं नाही. ती कण पायांनी चाचपते, काही टाकून देते, आणि का ते तिलाच ठाऊक. माझ्या बाटलीतली केशरी आणि हिरवी दोन्ही घेऊन बसली, तर शेजारच्या मुलीच्या बाटलीतल्या अळीनं जांभळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बाटलीच्या झाकणात ओला कापूस ठेवा, पाणी ठिबकणार नाही इतपतच. हिला दमट हवा लागते, पण पाणी साचलं की बुरशी येते आणि अळी मरते. तोंडाला मलमलचं फडकं, रबरबँड. उन्हात ठेवू नका. रात्री दिवा न लावता मोबाइलच्या मंद उजेडात बघितलं तर जास्त हालचाल दिसते. पिशवी दोन्ही टोकांनी काचेला टाचली गेली की अन्न-पाण्याची चिंता संपली, फक्त फडकं घट्ट आहे ना ते बघा. पतंग बाहेर आला की फोटो काढा. बाटली लोकरीच्या कपाटापाशी मात्र उघडू नका.

आता घराबाहेर काढायचं

नेहमी वरून खाली. छताचे कोपरे, पंख्याची वाटी, ट्यूबलाइटच्या पट्टीमागचा भाग, फोटोंच्या चौकटींच्या मागची बाजू, देव्हाऱ्याचा माथा, मग कपाटांखाली, मग फरशीचा सांधा. बांबूला बांधलेला कुंचा चालतो, व्हॅक्युम असेल तर उत्तम, कारण कुंच्यानं जळमट एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्याला चिकटतं. जळमटं काढणं हेच खरं औषध. पिशव्या वेचल्या आणि जाळी ठेवली तर पुढच्या महिन्यात त्याच जागी परत उभे राहाल.

पिशव्या कागदानं उचलून साबणाच्या पाण्यात टाका, किंवा जीव मारायचा नसेल तर घरापासून लांब, आडोशाला टाका. भिंतीला टाचलेली पिशवी नखानं ओढली तर डिस्टेंपरचा पापुद्रा बरोबर येतो आणि मग मलाच बोलावता. पातळ पत्रा भिंतीला आडवा लावून टोकाखालचं रेशीम कापा, एक टोक, मग दुसरं.

फवाऱ्याचं माझं मत: पैसे वाचवा. अळी पिशवीत, पिशवीला रेशमाचं अस्तर, फवारा वरच राहतो. मरतात ते कोळी आणि डास, आणि मेलेले किडे म्हणजे हिचं जेवण. एका घरात कीडनाशकवाल्यानं सगळी स्कर्टिंग धुऊन काढली होती. पुढच्या पावसाळ्यात मी गेलो तर पिशव्यांवर झुरळांचे पाय चिकटलेले.

साफसफाईनंतर फरशीचा सांधा आणि खिडकीच्या चौकटीच्या फटी भरून घ्या. पांढरं सिमेंट किंवा अॅक्रिलिक फिलर, काहीही चालेल, फट बंद झाली पाहिजे. अंडी घालायची जागाच राहत नाही. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, हवा खेळू द्या.

ओल

इथे मी जरा पाल्हाळ लावणार, कारण हा माझा प्रांत.

बडोद्यात पावसाळ्याचे चार महिने घरं दमट असतात. त्यात 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी कितीतरी घरांत शिरलं. पाणी उतरल्यावर लोकांना घाई झाली की नवरात्रीच्या आत भिंती गोऱ्या दिसल्या पाहिजेत. मी नाही म्हणालो त्या घरांत दुसऱ्या कोणीतरी वरून प्लॅस्टिक पेंट मारला. ओल आत कोंडली, पोपडे फुगले, पोपड्यांच्या मागे कोळी, कोळ्यांमागे या पिशव्या. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रांगच.

भिंत सुकली का, हे हात लावून कळत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा घ्या, चारी कडा टेपनं घट्ट बंद करून भिंतीला चिकटवा आणि एक दिवस-रात्र राहू द्या. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय: पन्हाळ, नळ, गच्ची, पाया, काहीतरी गळतंय. थेंब बाहेरच्या बाजूला आले तर दमटपणा खोलीच्या हवेत आहे, आणि खिडक्या उघडून, कपडे घरात वाळत घालणं थांबवून बराच फरक पडेल. काहीच थेंब नाहीत, तर रंगाला हात घाला.

जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींना चुनाच द्या. चुना ओल आत-बाहेर जाऊ देतो. त्यावर ऑइल पेंट चढवला की ओल अडते आणि प्लास्टर सोडवूनच बाहेर पडते. चुन्याची भिंत हाताला लागते म्हणून लोकांना नको असते. मग खादीच्या सदऱ्याला थोडी पांढरी लागली तर काय बिघडलं?

लोकर

पिशवीवर लोकर सापडली तर ट्रंक रिकामी करा. सगळ्या शालींची काळजी करू नका. आपल्याकडे सत्कारांत मिळालेल्या शालींची चळत प्रत्येक घरात असते, विशेषतः घरात कोणी निवृत्त शिक्षक किंवा मंडळाचे अध्यक्ष असतील तर. त्यातल्या बहुतेक अॅक्रिलिकच्या. त्यांना ही तोंड लावत नाही. एक धागा ओढून जाळून बघा: केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटानं चुरली गेली तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर अॅक्रिलिक. खरी घोंगडी, काश्मिरी शाल, हातानं विणलेले स्वेटर आणि पेटीच्या पट्ट्यांखालचं फेल्ट, जपायचं ते हे. भजनीमंडळाची पेटी सहा महिने कोपऱ्यात पडून असेल तर ती उघडून बघा.

लोकर झटका, उन्हात दोन्ही बाजूंनी घाला, शिवणी आणि घड्या ब्रशनं साफ करा. घामाचे, खाण्याचे डाग आधी धुवा. डाग असतील तिथे कसर पहिली लागते. उन्हात घालण्यासारखी नसलेली जुनी शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीपफ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर शालीवर दव धरतं.

डांबरगोळ्या बंद ट्रंकेत काम करतात, कारण वाफ आत साठते. कपाटाच्या उघड्या फळीवर किंवा न्हाणीघरात ठेवलेल्या गोळ्या नुसता वास देतात. आणि तान्ह्या मुलांचे कपडे, दुपटी डांबरगोळ्यांत ठेवू नका. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते, आणि नॅफ्थलीनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. कडुनिंबाचा पाला घालणारे घालतात. वाळला की तोही कचराच, दर महिन्याला बदलायची तयारी असेल तरच घाला.

दिवाळीची साफसफाई झाल्यावर एकदा आणि पुढच्या जूनच्या सुरुवातीला एकदा फरशीचा सांधा भिंगातून बघून घ्या. मधल्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा बडोद्यात पिशव्या क्वचितच दिसतात. आणि रंगाऱ्याला बोलावलंत तर पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: छताची जळमटं काढणं, कपाटं हलवणं आणि सांधे भरणं त्याच्या दरात धरलंय का? बहुतेकांच्या नसतं. माझ्या दरात सांधे धरलेले असतात, कपाटं हलवायला घरच्यांनी हात लावायचा.